जर्मन साहेबाचं निर्गुण गाणं

जन्मभर कीर्तनं ऐकलेल्या माणसाला जगातलं कुठलंही संगीत कळतं आणि दुसऱ्याला समजावूनही सांगता येतं, असं माझं ठाम मत. म्हणून बहात्तरच्या दुष्काळातल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी महालिंगप्पा घाईघाईनं घरी आले, तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही. त्यांना बसवलं, गुळाचा खडा दिला आणि पाणी मागू नका म्हणालो.

"आबाराव, बोअर पाडायची मशीन घेऊन जर्मन साहेब उद्या येतोय. बोअर एकच शिल्लक हाय. आपल्याला, न्हायतर पलीकडच्या वाडीला. साहेब देवमाणूस, पण गाण्याचा लई नाद. जाईल तिथं टेप लावतो अन् लोकं पळतेत."

"कसलं गाणं?"

"काल उमरग्यापासनं त्याच्या जीपमधी ऐकलं. ढोल एकाच ठेक्यात. मधीच पत्र्यावर दगड पडल्यागत आवाज. शब्द न्हाईत, अन् संपतच न्हाय."

"सोपं आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी खंडोबाच्या मंडपात गाव गोळा केलं आणि साहेब यायच्या आत श्रोते तयार केले. शब्द नाहीत, म्हणजे हे निर्गुणाचं गाणं. ठेका बदलत नाही, कारण तो जप आहे. जप करताना कुणी चाल बदलतं का? मधेच पत्र्यावर दगड पडल्यासारखं वाजतं, तो संसारात सापडलेला जीव. चाल शोधू नका. बैलगाडीत बसतो तसं ठेक्यावर नुसतं बसा, गाव आपोआप येतं.

"अन् पाण्याचं कवा बोलायचं?" बायकांतून बनाबाईनं विचारलं.

"आधी भजन, मग गाऱ्हाणं. आरती होईस्तोवर कुणी उठायचं नाही, अन् पाण्याचा विषय काढायचा नाही."

साहेब आला. उन्हानं गाजरासारखा लाल झालेला. त्यानं टेप लावला. सुरुवातीला माणसं एकमेकांकडं बघत होती. मग बंडप्पानं हळूच टाळ धरला. मग माना डोलू लागल्या. खरं सांगतो, माझे तर डोळेच मिटले. इतका निष्ठावंत ठेका मी चांगल्या चांगल्या मृदंग्यांकडूनही ऐकलेला नव्हता.

टेपची एक बाजू संपली. आमच्याकडं कीर्तनाचा पूर्वरंग संपला की बुवांना हार घालतात, बुक्का लावतात आणि मग उत्तररंग सुरू होतो. त्याप्रमाणं बनाबाईनं साहेबाला हार घातला, कपाळाला बुक्का लावला आणि परत जागेवर जाऊन बसली. साहेबाचे डोळे भरून आले. त्यानं टेप उलटा करून लावला. तो संपल्यावर दुसरा काढला. आरती झाली नाही म्हणून आमच्यातलं कुणी उठेना, आणि कुणी उठत नाही म्हणून साहेब थांबेना.

महालिंगप्पा कानाशी लागले. "मशीनचा ड्रायव्हर हॉर्न मारतोय. बोअरचं बोलू का?"

"थांबा हो. बुवा रंगात आलेत."

ऊन कलल्यावर टेपचे सेल संपले. मी लगेच आरती धरली. साहेब हात जोडून उभा राहिला, एकेकाचे हात हातात घेत फिरला, महालिंगप्पांशी मोडक्या हिंदीत चार शब्द बोलला आणि जीपमध्ये बसला. मागोमाग मशीन निघाली ती थेट वाडीच्या रस्त्याला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

महालिंगप्पांनी टोपी काढून तोंड पुसलं. "म्हणाला, दुष्काळात इतकी सुखी माणसं कुठं बघितली न्हाईत. वाडीत सकाळी टेप लावला, तर बायांनी रिकाम्या घागरी आपटून बंद पाडला. खरी नड त्यांनाच हाय."

"आणि तुम्ही गप्प बसलात? आम्हालाही नड आहे, असं सांगायचं नाही का?"

"सांगितलं की. तर तुमच्याकडं बोट दाखवून म्हणाला, त्या म्हाताऱ्याचं तोंड बघा. तहानलेला माणूस असा दिसतो व्हय?"

वाडीला पाणी लागलं, तेही गोड. आता आमचं सगळं गाव तिथूनच पाणी आणतं. डोक्यावर घागर घेऊन चालू लागलो की तो ठेका आपसूक माझ्या पायांत येतो. तोंडानं मात्र म्हणत नाही. पुढं बनाबाई चालत असते.