एकाच्या डोक्यावरची रेघ

जपानी लिपी म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! असं मी ऑफिसात जाहीर केलं, तेव्हा मला त्यातली जेमतेम दहा-बारा अक्षरं येत होती. त्यातलीही निम्मी जुळ्या भावांसारखी दिसायची. पण वेळच तशी होती. आमचा चेनचा कारखाना. गळ्यातली नव्हे हो, बॅगेची, जॅकेटची, सर्रकन ओढायची चेन! तिथे जपानहून पाहुणा येणार होता. माल पसंत पडला तर मोठी ऑर्डर. नाही पडला तर निम्म्या लोकांना घरी बसवणार, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. त्या निम्म्यांत पहिला नंबर कुणाचा, हे मला न विचारताही ठाऊक होतं.

"दारावर जपानी बोर्ड असता तर काय छाप पडली असती!" साहेब म्हणाले.

"मी आहे ना!" हे कोण बोललं म्हणून मीच मागे वळून पाहिलं.

काम तसं सोपं होतं. वरच्या मजल्यावर दोनच खोल्या. दोन नंबरमध्ये साहेबांची केबिन, बैठक तिथेच. एक नंबरमध्ये नापास माल, म्हणजे अडकणाऱ्या, दात पडलेल्या, मधेच उसवणाऱ्या चेनची पोती. ती खोली पाहुण्याच्या नजरेलाही पडता कामा नये, अशी सक्त ताकीद होती. म्हणजे बोर्ड फक्त दोन नंबरला हवा. पण नुसता दोन कसा पोरका दिसतो! म्हणून मी एकसुद्धा काढायला घेतला.

जपानीत एक म्हणजे एक आडवी रेघ. दोन म्हणजे एकाखाली एक दोन रेघा. बस्स!

"एवढ्यासाठी महिनाभर क्लास लावलात?" बायको वाकून बघत म्हणाली. "अशी रेघ तर मी यादीतल्या आणलेल्या सामानावर मारते!"

"तुला नाही कळायचं. त्याला हाताचं वळण लागतं."

आणि वळण होतंच हो माझ्या हाताला! रेघ नाही दिली तर अक्षर उन्हात उभं राहतं, असं म्हणून आमचे गुरुजी छडी हाणायचे. बोर्ड लिहून झाले, पट्टी समोरच होती, मी दोन्ही आकड्यांवर झोकात शिरोरेघ ओढली आणि वाळत ठेवले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही दारांवर बोर्ड ठोकून आम्ही केबिनमध्ये ताटकळत बसलो. दुभाषीबाई रस्त्यात अडकल्या होत्या. तेवढ्यात खालून वॉचमनचा फोन आला, "पाहुण्यांना वर धाडलंय! दोन बोटं दाखवली, दोन नंबरला जा म्हटलं."

साहेब टाय सारखा करून उभे राहिले. कुणी येईना. इतक्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

सर्र… खट्!

"हे काय?" साहेब कुजबुजले.

सर्र… खट्! सर्र… खट्!

आम्ही धावलो. एक नंबरमध्ये पाहुणा कोट काढून, बाह्या सारून पोत्यावर बसला होता. एकेक चेन ओढत होता, ती अडकत होती आणि तो मान हलवत होता. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मला तर डोळ्यांसमोर घरचा सोफा दिसायला लागला, आणि त्यावर दिवसभर बसलेला मी!

तेवढ्यात धापा टाकत दुभाषीबाई आल्या. त्यांनी दार पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"इथे दोन कुणी लिहिलं?"

"दोन कुठे? एक आहे!"

"अहो, एकावर शिरोरेघ दिलीत! झाले की दोन! आणि पलीकडच्या दोनाचे तीन!"

आता धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पाहुणा उठला आणि गंभीर आवाजात बोलू लागला. बोलतच राहिला. बाई नुसत्या ऐकत होत्या.

"काय म्हणताहेत?" साहेब रडकुंडीला आले.

"थांबा हो! क्रियापद यायचंय. आपल्यासारखंच त्यांच्यातही हो की नाही ते शेवटी कळतं."

आम्ही श्वास धरून त्या क्रियापदाची वाट पाहिली. अखेर ते आलं.

"ते म्हणतात, सगळे कारखाने चांगला माल दाखवतात. नापास माल आधी दाखवून पाहुण्याला त्यातच बसवणारे तुम्ही पहिले! वाईट वेगळं काढता, विकत नाही, लपवतही नाही. ऑर्डर तुमची!"

हुश्श! मी धपकन पोत्यावर बसलो. साहेब मात्र एका क्षणात ताठ झाले. "ही आमची पद्धतच आहे! हा बोर्डसुद्धा मी स्वतः लिहिलाय, सांगा त्यांना!"

बाईंनी सांगितलं. पाहुण्याने साहेबांना कमरेत वाकून नमस्कार केला आणि हळू आवाजात आणखी एक लांबलचक वाक्य ऐकवलं.

"एकच अट आहे," बाई म्हणाल्या. "मालाच्या खोक्यांवर साहेबांनी स्वतःच्या हाताने काहीही लिहायचं नाही."

साहेबांनी मान डोलावली. माझं श्रेय त्यांनी ढापलं, पण खरं सांगतो, एवढं हलकं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं!