लिंबाखालचा हिंदुस्थान

भुजंग मास्तर हजेरी कधी नावानं घेत नसत. ते "पंजाब?" म्हणत, आणि न्हाव्याचं पोरगं नाक पुसत "हाजिर" म्हणे. मग मद्रास, मग सिंध. आखाडा बाळापूरच्या अलीकडच्या आमच्या गावात चौथीच्या पोरांना शाळेपुरती नावंच नव्हती, मुलूख होते. मास्तर आम्ही दोघंच. हिशेब आणि वाचन माझ्याकडे, जुगराफिया त्यांच्याकडे. निजामी राज्यात भूगोलाला हाच शब्द होता, आणि मास्तर तो तोंड भरून उच्चारत.

वरून आलेला नकाशा उंदरांनी पहिल्याच पावसाळ्यात फस्त केला होता. तेव्हापासून मास्तर शाळेपुढच्या अंगणात चुना आणि राखेनं हिंदुस्थान आखत आणि पोरांना ज्याच्या त्याच्या मुलखात बसवत. अंगणाच्या टोकाला जुना लिंब होता. ती उत्तर. त्याच्या बुंध्याशी पाटलाचा गलेलठ्ठ ग्यानबा, म्हणजे हिमालय. तो एकदा न विचारता लघवीला गेला, तर मास्तरांनी सगळ्या वर्गाला थंडीनं कुडकुडायला लावलं. चैत्राचा महिना होता. "जागा सोडायची न्हाई," हे त्यांचं पालुपद. "मुलूख कदी उठून जातो का?"

बंगाल होती रामजीची शेवंता. गंगा तिच्याकडे उतरायची म्हणून तिनं रोज तांब्याभर पाणी आपल्या जागेवर ओतायचं आणि त्यातच बसायचं. परकर रोज चिखलानं भरे. तिची आई भांडायला आली, तर मास्तर शांतपणे म्हणाले की बंगालात पाणी असतंच, त्याला माझा इलाज नाही. पोर गैरहजर असलं की ते घरी जाऊन उभे राहत. "तुमचा मद्रास काहून आला न्हाई?" आत तापानं फणफणलेल्या लेकराची आई बिचारी बघतच राही.

या गृहस्थानं स्वतः हिंगोलीपलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. तिथंही ते स्टेशनावर जाऊन आगगाडी बघत आणि परत येत. घरी बायको नाही, पोर नाही. भाकरी स्वतः थापत आणि ती जळली की वाळवंटी हवामानाला दोष देत. मी एकदा सुचवलं, पोरांना आधी आपली कयाधू, आपली पैनगंगा शिकवा. ते हसले. म्हणाले, गावचा जुगराफिया गुराख्यालाही येतो, त्याला मास्तर कशाला?

मग ते वाईट वर्ष आलं. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. कुणाची गंजी पेटे, कुणाचा माणूस रस्त्यात पडलेला सापडे. लोक बैलगाड्या जुंपून पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात जाऊ लागले. तिकडे निजामी अंमल नव्हता. अंगणातला हिंदुस्थान ओस पडू लागला. सिंध गेला, मद्रास गेला. मास्तर मोकळ्या जागांनाही पुकारत आणि उत्तराची वाट बघत. मला तेव्हा त्याचं हसू येई.

रामजीच्या घरची माणसंही पहाटे निघाली. नदीच्या अलीकडे टोळीनं गाड्या अडवल्या, तशी माणसं ज्वारीत पांगली. शेवंतानं धाकट्या भावाचा हात धरला होता. आईबाप जीव घेऊन पलीकडे पोचले. पोरं त्यांच्याबरोबर नव्हती.

दोन दिवसांनी एका गुराख्यानं त्या भावाला शाळेत आणून सोडलं. पोरगं लिंबाखाली एकटंच बसलेलं सापडलं होतं. पण तो लिंब नदीकडचा नव्हता, पार उलट्या बाजूचा होता. मास्तरांनी त्याला पाणी पाजलं आणि विचारलं.

"आक्का म्हणली वऱ्हाड उत्तरेला हाय," ते म्हणालं. "लिंब दिसला की उत्तर. एका लिंबापाशी गेलो, मंग दुसऱ्या. मंग म्हणली, मी पाणी आणते, तू जागा सोडू नको. मी न्हाई सोडली."

शेवंता परत आली नव्हती. आम्ही चार गावं पालथी घातली. काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी हिंदुस्थान पुसून टाकला. त्या जागी आपला तालुका आखला. कयाधू, पैनगंगा, उतार कुठं, विहिरी कुठं. उरलेल्या मूठभर पोरांना सूर्यावरून दिशा शिकवली, आणि नकाशा रोज वेगळ्या अंगाला फिरवून आखू लागले. लिंबाकडे पाठ करून शिकवत.

मी बायकोपोरांना घेऊन निघालो तेव्हा शेवंताच्या भावालाही आमच्याच गाडीत घातलं. मास्तरांनाही चला म्हणालो. ते गाडीपर्यंत आले, पण चढले नाहीत.

"ती पोरगी लिंब धुंडत फिरून राहिली असंल," ते म्हणाले. "कवा तरी बराबर या लिंबापाशी येईल. इथं कोणी नको का?"

मला त्यांचा राग आला. गाडी हलल्यावर रडूही आलं.

राज्य बदललं, माणसं परतली. रामजीही बायको आणि मुलाला घेऊन आला. शाळा भरली त्या दिवशी मास्तर हाडांचा सापळा झाले होते, पण अंगणात पुन्हा हिंदुस्थान आखलेला होता. हजेरी सुरू झाली. पंजाब हाजिर. मद्रास हाजिर. हिमालयही हाजिर, वऱ्हाडात पार रोडावलेला.

बंगालपाशी मास्तर थांबले. या माणसाला एकाही पोराचं नाव ठाऊक नसेल, अशी माझी इतकी वर्षं खात्री होती.

"शेवंता रामजी," ते हळू म्हणाले.

कुणी हाजिर म्हणालं नाही. मास्तरांनी तांब्या उचलला, त्या मोकळ्या जागेवर पाणी ओतलं आणि पुढचा मुलूख पुकारला.