वृंदाबाईंचं गुप्त मानपत्र

"आठ दिवस! नवव्या दिवशी मीच दुसऱ्यांना शिकवायला लागेन!"

नव्या कॉम्प्युटरच्या डब्यावर थाप मारून माधवरावांनी हे जाहीर केलं, तेव्हा तो अजून सुरूही झाला नव्हता. पण तेहतीस वर्षं रोह्याच्या शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला 'मला जमणार नाही' हे वाक्य मुळी येतच नसतं. काचबिंदूनं दोन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी नेली. ऐट मात्र जागच्या जागी होती.

लेक मैथिली पुण्याहून दोन दिवस येऊन त्यांना स्क्रीन रीडर शिकवून गेली. पडद्यावर असेल ते वाचून दाखवायचं, बटण दाबलं की अक्षर बोलायचं, असं ते प्रकरण. आवाज बाईचा, म्हणून माधवरावांनी नाव ठेवलं वाचकबाई. या वाचकबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना घाम फोडला. अर्धा तास खपून लिहिलेलं पत्र त्यांनी चक्क कॅल्क्युलेटरमध्ये लिहिलं होतं, आणि बाई आपल्या मन लावून "शून्य" म्हणत होत्या!

"जाऊ द्या ना बाबा," मैथिली फोनवर म्हणाली. "आई लिहून देईल की."

"आई नको!" माधवराव केवढ्यांदा तरी ओरडले.

त्यामागं कारण होतं. रोहा-अष्टमीत कुणी निवृत्त झालं, की मानपत्र लिहायचं माधवरावांनी, हा शिरस्ता. पोस्टमास्तर असोत की तलाठी, 'आपल्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी' त्यांच्याशिवाय कुणी निर्माण करत नसे. दृष्टी गेल्यावर ते तोंडी सांगत आणि पत्नी वृंदाबाई लिहून घेत. पण या शनिवारी शाळेतून निवृत्त होत होत्या खुद्द वृंदाबाई! आता त्यांनाच कसं सांगणार, की हं, लिही, 'आपल्यासारख्या गुणी शिक्षिका...'? शिवाय मानपत्रातलं अक्षरही उत्सवमूर्तीच्या कानावर आधी पडता कामा नये, हा माधवरावांचा कडक नियम. दोन वर्षं ते तिच्याच डोळ्यांनी वाचत, लिहीत होते. निदान हे एक काम त्यांना तिच्याशिवाय करून तिच्या हातात द्यायचं होतं.

बंदोबस्त जय्यत केला. मैथिलीनं दाखवलेली तीन बटणं दाबली, की पडदा काळाकुट्ट होई आणि वाचकबाई तरीही वाचत राहत. शेजारी कुणी येऊन उभं राहिलं तरी दिसणार काय? कप्पाळ! वर कानाला जाडजूड हेडफोन. त्याची वायर चाचपून डब्याच्या पुढच्या भोकात घातली, की खोलीचा आणि आपला संबंध संपला. आवाज जरा दबका येई, म्हणून त्यांनी तो पार शेवटपर्यंत चढवून ठेवला. जाणार कुणाच्या कानात? आपल्याच ना!

मानपत्र भराभर पुढं सरकलं. बिघडली ती फक्त आमटी. दुसऱ्या दिवसापासून ती अळणी होऊ लागली ती लागलीच. निवृत्तीमुळे बिचारीचं लक्ष उडालं असेल, म्हणून माधवराव काही बोलले नाहीत.

शुक्रवारी सकाळी अंघोळ, पूजा, न्याहारी उरकून ते दीड तासानं खोलीत आले, टेबलावर हात ठेवला, आणि हात नुसत्या लाकडावर पडला. डबा गायब! तेवढ्यात फोन वाजला. शेजारचा जितेश.

"काका, तुमचा कंप्यूटर पार मेलाय! मी पेपर न्यायला आलो तं पडदा काळा ठिक्कर. शिफ्टला निघालोच व्हतो, वाटेत पेणला निलेशच्या दुकानात टाकला. तो सगळा पुसून नवा करून देतो बोललाय!"

"पुसून?"

"आभार मानू नका काका. शेजारी कशासाठी असतात?"

माधवरावांनी फोन ठेवला. आठ दिवसांची मेहनत, उद्याचा समारंभ! आणि खरं कारण बायकोला सांगायची सोय नाही.

"वृंदा, मला जरा पेणला जायचंय. असंच..."

"मी चप्पल घालून उभी आहे," दारातून आवाज आला. एरवी घरातून निघायला पाऊण तास घेणारी ही बाई! माधवरावांना नवल वाटलं, पण विचारायला वेळ नव्हता. गाडीत नागोठणं गेलं, कासू गेलं, आणि दर स्टेशनला वृंदाबाईच जास्त चुळबुळत होत्या.

दुकान आलं तसं माधवरावांनी बायकोला पोह्याचे पापड आणायला पिटाळलं. ती लगेच गेलीसुद्धा.

"काका, आजार विचित्र हाय," निलेश म्हणाला. "माझा पडदा लावला तरी काळाच. आतून बाई मात्र खणखणीत बोलते! आता पुसायलाच घेतलंय."

"थांब! हात लावशील तर खबरदार!"

माधवरावांनी कीबोर्ड ओढला, तीन बटणं दाबली. पडदा लख्ख!

"आईशप्पत!" निलेश खुर्चीवरून उठला. "काका, तुम्हाला दिसत नाय ना?"

"नाही. तुला दिसतं, त्याचा काय उपयोग झाला?" माधवरावांची ऐट परत आली. "आता हा हेडफोन लाव."

निलेशनं वायर लावली, आणि वाचकबाई त्यांच्या कानात अशा कडाडल्या, की माधवराव स्टुलासकट मागं सरकले. आठ दिवसांत एवढा आवाज कधी आला नव्हता!

"काय केलंस रे याला?"

"काय नाय केला. नुसती वायर लावली."

पोराचा हातगुण चांगला, एवढंच माधवरावांनी मनात म्हटलं. मानपत्र शाबूत होतं.

शनिवारी त्यांनी ते समारंभात तोंडपाठ म्हटलं. सभागृह मंत्रमुग्ध! एकदा ते श्वास घ्यायला थांबले, तर दुसऱ्या रांगेतून जितेशची आई पुढचं वाक्य पुटपुटली आणि मागून चारजणांनी ते पुरं केलं. आपल्या शैलीचा आळीवर एवढा प्रभाव? माधवरावांचा ऊर भरून आला.

घरी ताटावर बसले. आमटी अळणी.

"वृंदा, आज तरी मीठ..."

"त्या डब्याला पुढं दोन भोकं आहेत," वृंदाबाई म्हणाल्या. "एक हेडफोनचं, एक माइकचं. तुम्ही आठ दिवस माइकच्या भोकात वायर घालत होतात. तुमच्या बाई स्पीकरवर बोलत होत्या. अख्ख्या आळीनं ऐकलं."

माधवरावांनी घास परत ताटात ठेवला. "मग सांगितलं का नाहीस?"

"बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझं कौतुक करत होतात. तेही एवढ्या मोठ्यांदा." त्यांनी ताटात भात वाढला. "मी कशाला बंद करू?"

माधवरावांना गहिवरून आलं. वाटलं, झालं ते भल्यासाठीच झालं.

"आणि ते वाक्य," वृंदाबाई वाढता वाढता म्हणाल्या, "'स्वयंपाकात मात्र त्यांचा मिठाचा हात अंमळ सैल'..."

"अगं, ते मी लगेच खोडलं!"

"खोडलंत ना. खोडतानाही बाई एकेक अक्षर वाचतात."

माधवरावांनी मुकाट्यानं आमटीची वाटी तोंडाला लावली आणि छान झाल्याचं सांगितलं.