भिंतीपल्याडची गयाक्का

एकदा मी नसलेल्या पाहुण्याला चहा नेऊन दिला होता. नातवंडांना सांगते तर ती खिदळतात. खिदळू देत. त्या वेळची मी, ती मॅट्रिक पास नवरी, आठवली की मीसुद्धा पदर तोंडाला लावते.

लातूर नवा जिल्हा झाला आणि यांची बदली तिथल्या नव्या कचेरीत झाली. कंधारहून ट्रंक घेऊन मी भाड्याच्या खोलीत उतरले. दुष्काळ पडलेला. हे टँकरच्या कामाला गावोगाव, आणि मी एकटी. पहिले काही दिवस उशीत तोंड खुपसून रडले. मग भिंतीपलीकडून एका बाईचा आवाज येऊ लागला, तो अगदी दिवसभर! वाटलं, काय गोतावळा आहे हिचा! ओळख काढावी म्हणून एका दुपारी दोन कप चहा घेऊन गेले. एक तिला, एक पाहुण्याला.

पाहुणा नव्हताच. चुलीपुढे एकटी गयाक्का. नवरा गेलेला, लेकरू नाही. "भाकर थापून राहिले," ती परातीला सांगत होती. "चटका बसला. बोट दुखून राहिलं." मग माझ्याकडं बघून, "पोरगी येऊन राहिली. दोन कप हायत. लोभ सुटला." आणि दोन्ही कप प्याली.

विहारात एका भंतेजींनी तिला सांगितलं होतं, जे करशील ते जाणून कर. गयाक्का ते अक्षरशः करी. झाडताना "झाडून राहिले", शिंक आली तर "शिंक येऊन राहिली", आणि शिंक परत गेली तर "गेली बिचारी".

टँकरच्या रांगेत एकीनं तिची घागर ढकलली, वर शिव्या हासडल्या. आम्ही सगळ्या भांडण बघायला सरसावलो. गयाक्कानं डोळे मिटले. "शिवी ऐकून राहिले. राग आला. वर चढून राहिला. गळ्यापाशी आला..."

शिव्या देणारी ऐकतच राहिली. शेवटी तिलाच राहवेना. "मग? उतरला का गं?"

"न्हाई अजून. थांब की जरा!"

तेवढ्यात टँकर रिकामा झाला. दोघी कोरड्या घागरी घेऊन घरी.

मला मात्र बुद्धवंदना तोंडपाठ. त्यामुळे सगळा धम्म आपल्याला कळला, अशी माझी समजूत. एक दिवस मी तिला शिकवायला गेले. "आक्का, हे मनातल्या मनात म्हणायचं असतं. लोक हसतात तुम्हाला."

"हाव का?" ती म्हणाली. मग अगदी हळू, "लाज वाटून राहिली." आणि गप्प झाली.

भिंतही गप्प झाली. तेव्हा उमगलं, माझा संसार पलीकडच्या आवाजावर चालला होता. ती "पीठ मळून राहिले" म्हणाली की मी परात काढायची. ती "जेवून राहिले" म्हणाली की माझ्या घशाखाली घास उतरायचा. आता भाकरी तव्यावर करपली तरी मी नुसती बघत बसायची. त्यात यांचा निरोप आला, मुक्काम लांबला. त्या संध्याकाळी मी मोठ्यानं म्हणून पाहिलं, "एकटी बसून राहिले." आपलाच आवाज ऐकून अंगावर काटा आला.

उठले. माठाच्या तळाचं पाणी घेऊन दोन कप चहा केला आणि तिच्या दारात उभी राहिले. ती अंधारातच बसली होती.

"आक्का, माझं चुकलं. मोठ्यानं म्हणत जा. तुमच्यावाचून मला घास जात नाही."

गयाक्कानं दोन्ही कप घेतले, एक माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, "खुळे, मी मनातच म्हणत होते की गं इतकी वर्षं. तू आलीस अन् भिंतीपल्याड मुसमुसून राहिलीस, तवा मोठ्यानं म्हणाया लागले. मग तू च्या घेऊन आलीस. तवापासून वाटून राहिलं, माझी भाकर झाली का न्हाई, ते कुणाला तरी ठावं हाय."