तिसरा फेरा कोणाचा

आमच्या गावात भाजीला आपल्याला कोण चिरणार हे आधी सांगावं लागतं, आणि ते तिला पटलं नाही तर ती शिजत नाही. एरवी यात काही अडचण येत नाही. सकाळी विळी मांडून बसायचं, गवारीला म्हणायचं, "मीच गं बाई, रोजची," की शेंगा आपणहून पुढे सरकतात. पाहुणी मदतीला बसली तर तिची ओळख करून द्यायची. एकदा दत्ताच्या देवळात महाप्रसादाला विजेचं यंत्र आणलं होतं आणि कोबीला काही न विचारताच आत घातलं. तो कोबी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उकळत राहिला आणि कच्चाच राहिला. शेवटी पंचांनी त्याची क्षमा मागून त्याला गाईपुढे ठेवलं. गाईनेही आधी विचारून घेतलं.

ऋषिपंचमीला मात्र भाज्या फार कडक होतात. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, परसात हाताने लावलेलं तेवढंच चालतं, हे सगळीकडेच पाळतात. आमच्याकडे त्यात आणखी एक आहे. ज्या कष्टाला धनी नाही, तो कष्ट त्या दिवशी बैलाचा धरला जातो.

हे व्रत मी आणि गोदावन्संनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाईंनी, एकत्र धरलं होतं. यंदा सातवं वर्ष, उद्यापनाचं. आळीतल्या सगळ्या मिळून चाळीसेक बायका जेवायला सांगितल्या होत्या. उद्यापनाची ऋषीची भाजी व्रत धरणारीने स्वतःच्या हाताने चिरावी लागते, आणि श्रावणात मी न्हाणीच्या उंबऱ्यावर घसरले. उजवा हात प्लास्टरात गेला. वन्संच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. त्यांना विळीवर बसवलं असतं तर भाजीत काय काय आलं असतं सांगता येत नाही.

भाजी शिजली नाही तर उद्यापन मोडतं, आणि उद्यापन मोडलं की व्रत पहिल्या वर्षापासून धरायचं. वन्संनी अठ्ठ्याहत्तरी ओलांडली आहे.

"मंदा," त्या म्हणाल्या, "अजून सात वर्षं देवाकडे मागता येतील गं. पण मागायची लाज वाटते."

म्हणून हाताने चालवायचं भाजी चिरायचं यंत्र घ्यायचं ठरलं. चप्पल घ्यायला जाताना पाय बरोबर नेतो, तशा अशा खरेदीला भाज्या बरोबर न्यायच्या असतात. चतुर्थीला गणपतीचा नैवेद्य झाल्यावर टोपल्या रिक्षात घातल्या आणि भालूशेठ कासारांच्या भांड्यांच्या दुकानात गेलो. लाल भोपळा वन्संच्या मांडीवर बसला होता. परसातल्या सगळ्यांत वडीलधारा तोच, म्हणून बोलायचं काम त्याच्याकडे.

भालूशेठनी शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. "काकू, आरतीला जायचंय मला. सहा घरं आहेत. लवकर काय ते बघा."

त्यांनी आधी दोरीचं काढलं. प्लास्टिकची वाटी, आत पाती, वर दोरी. "ओढा. चार झटक्यांत कांदा बारीक."

"यात माझी एक वीतसुद्धा मावणार नाही," पडवळ म्हणालं. "चाळीस बायका दसऱ्याला जेवणार आहेत का?"

"आणि माझा लगदा होईल," अळू म्हणालं. ते फार हळवं असतं.

भोपळा म्हणाला, "वहिनी, एकदा दोरी ओढून सोडा."

मी डाव्या हाताने दोरी ओढली आणि सोडली. पाती गरगर फिरली. दोरी आत गेली तरी ती थोडा वेळ फिरतच होती.

"हात थांबला?" भोपळ्याने विचारलं.

"थांबला."

"पातं थांबलं नव्हतं. हात थांबल्यावर जे फिरलं, ते कोणाचं?"

भालूशेठ म्हणाले, "ते आपोआप फिरतं हो."

"आपोआप म्हणजे बैल," टोपलीच्या तळातून सुरण म्हणाला.

भालूशेठनी ते परत खोक्यात घातलं.

दुसरं दाबायचं होतं. खाली चौकोनी जाळी, वर झाकण. हात थांबला की कापणं थांबतं, त्यामुळे भोपळ्याचं तत्त्वतः काही म्हणणं नव्हतं. पडवळाला चौकोनी होणं पसंत नव्हतं, पण व्रतासाठी होईन म्हणालं. माझ्याने एका हाताने दाबवेना. वन्संनी दोन्ही तळव्यांनी भार दिला आणि सुरणाची फोड अर्धी जाळीत जाऊन अडकली. जाळी मधोमध वाकली.

"मी असाच राहू का?" सुरणाने विचारलं.

त्याला काढण्यात बराच वेळ गेला. बाहेर एका घरची आरती सुरू झाली. भालूशेठनी शटर आणखी वीतभर खाली घेतलं आणि माळ्यावर चढून तिसरं उतरवलं.

हे खाणावळीत वापरतात ते. टेबलाच्या कडेला स्क्रूने पक्कं बसतं. वरून भाजी घालायला मोठं तोंड, आत पात्यांचं पिंप, बाजूला दांडा, आणि खाली अख्खं पातेलं मावेल एवढी जागा. दांडा डाव्या हाताने फिरवता येत होता. वन्संनी ते सगळीकडून चाचपून पाहिलं.

"बूड जड आहे," त्या म्हणाल्या. "हे माणसासारखं वाटतंय."

मलाही ते आवडलं. मी मनातल्या मनात सातही ऋषींची नावं घेतली, आणि अरुंधतीचंही.

"दांडा एकच फेरा फिरवा," भोपळा म्हणाला.

मी फिरवला. पिंप तीन फेरे फिरलं.

भेंड्यांनीसुद्धा कुजबुजणं थांबवलं.

"आत दातेरी चक्र आहे," भालूशेठ म्हणाले. "एकाला तीन. तीच तर त्याची खुबी आहे काकू."

"एक फेरा वहिनींचा," भोपळा म्हणाला. "बाकीचे दोन कोणाचे?"

"एक माझा धर," वन्सं म्हणाल्या. "व्रत दोघींचं आहे."

"तुमचा हात कुठे असेल?"

"हिच्या पाठीवर. ती फिरवील आणि मी पाठीवर हात ठेवून उभी राहीन. एवढं मला दिसल्याशिवायही जमतं."

भोपळ्याने टोपल्यांकडे वळून विचारलं. अळू हो म्हणालं. माठ आणि चवळीच्या शेंगाही हो म्हणाल्या. मक्याच्या कणसाने नुसत्या मिशा हलवल्या.

"मान्य. आता तिसरा."

"आळीतली कोणीही येईल की," मी म्हटलं.

"त्या जेवायला येणार. जेवणाऱ्याने कष्ट घेतला तर ते उद्यापन नव्हे वहिनी, ती अंगतपंगत."

"माझा धरा," भालूशेठ एकदम म्हणाले. "सकाळी येतो आणि उभा राहतो. काय त्यात."

मला फार बरं वाटलं.

"सकाळी काय खाता तुम्ही?" भोपळ्याने विचारलं.

"चहा आणि खारी."

"खारी गव्हाची. गहू नांगराचा. उद्या तुमच्या अंगात बैल असेल."

"नुसता चहा घेईन."

"आज काय जेवलात?"

भालूशेठ शटराकडे बघायला लागले. ते पुरणपोळी जेवले होते. "सकाळपर्यंत जिरेल हो," ते हळूच म्हणाले.

"पुरण इतक्यात जिरत नाही," सुरण म्हणाला.

वन्संनी पदर सारखा केला. "चल मंदा. एवढ्यांना इतका वेळ ताटकळत ठेवायचं बरं नाही. माझ्या नशिबात सहाच वर्षं असतील तर सहाच."

मी टोपली उचलायला वाकले. सहा वर्षांत वन्संनी एकही पंचमी चुकवली नव्हती, तापातसुद्धा नाही, आणि त्या आता शटराच्या दिशेने चाचपडत निघाल्या होत्या.

"थांबा," भोपळा म्हणाला. "तिसरा माझा धरा."

"भोपळ्याला असं करता येतं?" पडवळाने विचारलं.

"न येण्यासारखं काय आहे? मी परसात वाढलो. नांगर मी पाहिलेला नाही. गोदाताईंनी मला हाताने पाणी घातलंय. मी आजवर कोणाचा कष्ट खाल्ला नाही, आणि जेवायच्या यादीतही माझं नाव नाही."

"पण चिरायचं तुलाच आहे रे," वन्सं म्हणाल्या. त्या त्याला तो फूल होता तेव्हापासून अरेतुरे करतात.

"मला शेवटी घ्या."

"आणि तुझी पाळी आली की तिसरा फेरा कोण देणार?"

"मीच."

"जमेल?"

"पाहू," तो म्हणाला.

भालूशेठनी यंत्र पुसून कागदात बांधून दिलं आणि आम्ही बाहेर पडल्यावर शटर पुरतं ओढलं.

पंचमीला आघाड्याच्या काड्या घेऊन न्हाणं झालं. पूजा मांडली. यंत्र टेबलाला आवळलं, भोपळ्याला शेजारी पाटावर बसवलं, वन्संनी माझ्या पाठीवर तळवा ठेवला आणि मी दांडा धरला. अळू आधी गेलं. लगदा झाला नाही. माठ गेला, पडवळ गेलं, दोडके आणि भेंड्या गेल्या. मक्याला मी सुरीने टोचून तुकडे पाडून घेतले, ते त्याने स्वतःच सुचवलं होतं. सुरण शेवटपर्यंत कुरकुरत गेला. फेरे एकसारखे पडत होते. वन्सं मधूनमधून विचारत, "आहेस ना रे?" आणि भोपळा म्हणे, "आहे."

बाहेर बायका यायला लागल्या. ओसरीवर पाटांचे आवाज आले.

भोपळा अख्खा यंत्राच्या तोंडात मावेना. वन्संनी आणि मी मिळून सुरीवर भार दिला आणि त्याची दोन भकलं केली. त्यानंतर तो दोन्हीकडून एकदम बोलायला लागला. बिया आणि देठ मी काढून पाटावरच ठेवले. पहिलं भकल सरळ खाली गेलं. दुसऱ्याच्या निम्म्यावर दांडा जड झाला, आणि शेवटची फोड राहिली तेव्हा अडकला.

मी जोर लावला. हलेना. वन्संनी तळवा पाठीवर आणखी दाबला.

"दमलास का?" त्या म्हणाल्या.

पाटावरून उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने खालच्या पातेल्यातून, बऱ्याच ठिकाणांहून एकदम, आवाज आला, "थांबा. श्वास घेतोय."

आम्ही थांबलो. ओसरीवरून कोणी विचारलं, "मंदाकाकू, पानं मांडू का?" मी म्हटलं, "मांडा." मग दांडा माझ्या हातासरशी फिरला आणि फोड खाली पडली.

भाजी चुलीवर चढवली. मीठ, हिरवी मिरची, चिंच, खोबरं. वन्सं झाकणाशी कान लावून उभ्या राहिल्या. अळू आधी मऊ झालं, मग माठ, मग दोडके. सुरणसुद्धा शिजला. भोपळ्याच्या फोडी तशाच टणक. एरवी भोपळाच सगळ्यांत आधी विरघळतो. मी पळीने दाबून पाहिलं, झाकण ठेवलं, पुन्हा दाबून पाहिलं. ओसरीवरचं बोलणं हळूहळू थांबलं. आमच्या गावात भाजी उशिरा शिजणं म्हणजे काय, हे सगळ्यांनाच माहीत असतं.

"अजून?" वन्संनी विचारलं.

"अजून."

त्या झाकणावर वाकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "झालं रे बाळा. सगळं चिरून झालं. आता दांडा सोड."

मी झाकण काढून एक फोड पळीवर घेतली. ती दाबायच्या आधीच फुटली.

सात ऋषींची सात पानं वाढली, अरुंधतीचं आठवं. नैवेद्य दाखवला. मग वन्संनी ऋषींच्या शेजारी आणखी एक पान मांडायला सांगितलं. कष्ट केलेल्याला उपाशी कसं बसवायचं, त्या म्हणाल्या. पाटावर देठ ठेवला, बियांना वाटीत घेतलं. पानावर भाजी वन्संनी स्वतः वाढली, चाचपडत, पण पानाबाहेर काही सांडलं नाही.

"लाजू नकोस," त्या म्हणाल्या.

भोपळ्याने सावकाश खाल्लं, आधी अळू, मग बाकीचं. भाजी दोनदा मागून घेतली. वन्संनी पुन्हा पळी पुढे केली तेव्हा पोट भरलं म्हणाला.