रत्नमालाबाईंचा ग्रंथ आणि शांतवनरावांची मंडळी यांची हकीकत

श्री. आकाशींचा धनी सर्व जाणतो आणि त्यास कोणाची भीड नाहीं. त्याचें स्मरण करून लेखकानेंही भीड न धरितां ही हकीकत लिहिली असे. शके १९३३, खरनाम संवत्सरीं, एका देशीं (देशाचें नांव सांगण्याची गरज नाहीं, असे देश बहुत) ख्रिस्ती लोकांमध्यें एक नवें राज्य उदयास येऊन भरास आलें होतें. त्यास किल्ला नव्हता, फौज नव्हती, परंतु राजधानी होती. नगराबाहेर जेथें पूर्वी सुताची गिरणी चालत असे तेथें पोलादी छपराचें थोर सभागृह उभें राहिलें आणि दर रविवारीं तीन उपासना मिळोन अठरा हजार माणूस तेथें जमूं लागलें. मोटारी लावावयास तीन मैदानें, शिट्या घेतलेले स्वयंसेवक, लेकरांकरितां निराळी इमारत, गायकवर्ग शंभरांचा, आणि व्यासपीठाच्या दोहों बाजूंस दोन मजली पडदे, कीं अगदीं मागील रांगेंतील माणसासही पाळकांच्या डोळ्यांतलें पाणी दिसावें. या राज्याचे धनी रेव्हरंड समुएलराव घोलप. बोलणें मोठें गोड आणि स्मरण ऐसें कीं एकदां भेटलेल्याचें नांव कधीं विसरत नसत. पंचवीस माणसें घेऊन गिरणीच्या गोदामांत त्यांनीं उपासना आरंभिली आणि चौदा वर्षांत एवढा पसारा केला. लोक त्यास महामंडळी म्हणूं लागले.

ही महामंडळी कशी वाढली आणि कां वाढली, हें शोधावयास विद्यापीठांतून रत्नमालाबाई रणपिसे आल्या. बाई समाजशास्त्र शिकवीत, वय सत्तेचाळीस, लग्न केलें नव्हतें. देशांतील अशा एकवीस मंडळ्या त्यांनीं पायाखालीं घातल्या होत्या आणि या विषयांत त्यांच्या तोडीचें दुसरें माणूस नव्हतें. त्या स्वतः पाळकाची लेक. वडील रेव्हरंड शांतवनराव, राजधानीपासून चाळीस कोसांवर तालुक्याच्या गांवीं दगडी देवळांत उपासना चालवीत आणि मंडळी एकशें बारा माणसांची. बाईंनीं कोणास सांगितलें नाहीं, परंतु लहानपणीं त्यांस त्या लहान मंडळीची लाज वाटत असे. तीच पेटी, तींच गीतें, तेच खोकणारे म्हातारे, आणि नाताळांतही निम्मीं बांकें रिकामीं. मग महामंडळींत प्रथम गेल्या त्या दिवशीं तेंच लहानपणचें गीत सहा हजार लोकांच्या तोंडून निघालें आणि बाई, ज्या टिपणें घ्यावयास गेल्या होत्या, त्या वही मिटून रडल्या. समुएलरावांनीं तें व्यासपीठावरून पाहिलें. उपासना संपल्यावर स्वतः खालीं आले आणि म्हणाले, "सलाम ताई. तुम्हांला काय हवं तें विचारा. आमच्या घरांत बंद खोली नाहीं." आणि खरेंच त्यांनीं सर्व दारें उघडलीं. सभासदांच्या याद्या दिल्या, पंचांच्या बैठकींत बसूं दिलें, आणि बाईंस ताप आला तेव्हां मंडळींतल्या स्त्रियांनीं आठ दिवस पेज पोंचविली. बाईंस इतकें आपलेपण कोठें मिळालें नव्हतें.

तीन वर्षें अभ्यास चालला आणि मग ग्रंथ सिद्ध जाहला. त्यांत नववें प्रकरण होतें. बाईंनीं चार हजार सभासदांस एकच प्रश्न पुसला होता, कीं तुम्ही येथें येण्यापूर्वी कोठें जात होतां. उत्तर ऐसें आलें कीं दहांतले नऊ लोक अंधारांतून उजेडांत आले नव्हते, तर आसपासच्या लहान मंडळ्यांतून आले होते. आणि जेथून आले त्या मंडळ्या पांच वर्षांत एकामागून एक मोडल्या होत्या. छापण्यापूर्वी बाईंनीं हस्तलिखित समुएलरावांस वाचावयास दिलें. त्यांनीं आठ दिवसांनीं बोलाविलें, चहा स्वतः ओतला आणि म्हणाले, "ताई, नववं प्रकरण खोटं आहे असं मी म्हणणार नाहीं."

"मग?"

"मग एवढंच कीं लोक बाकीची बारा प्रकरणं वाचणार नाहींत. हें एकच वाचतील आणि म्हणतील, घोलप मेंढरं चोरतो. दुसऱ्या आवृत्तीत घाला. तोंवर आणखी दोन वर्षं मोजा, आकडे पक्के होतील. मी कुठं नाहीं म्हणतोय?"

बाई हस्तलिखित घेऊन उठल्या. घरीं येऊन दोन दिवस विचार केला. आकडे पक्केच होते हें त्यांस ठाऊक होतें. परंतु पुढील अभ्यासास त्याच याद्या लागणार होत्या, आणि ती पेजही आठवत होती, आणि खरें सांगावयाचें तर त्या राज्यांत आपली खुर्ची राहावी ऐसेंही मनांत होतें. मग नववें प्रकरण त्यांनीं काढून टाकलें. मात्र सहाव्या प्रकरणांत एक वाक्य राहिलें, कीं जेथें जुनी लहान मंडळी आहे तेथें नवी शाखा लवकर रुजते, कारण लोकांस गीतें आधींच पाठ असतात. त्या वाक्यांत वाईट असें कांहीं बाईंस दिसलें नाहीं.

ग्रंथ गाजला. दैनिकांनीं परीक्षणें लिहिलीं, परदेशांतून आमंत्रणें आलीं, आणि समुएलरावांनीं व्यासपीठावर ग्रंथ उंच धरून सांगितलें कीं विद्येनें आमच्या कामावर शिक्का मारला. शांतवनरावांस लेकीनें पहिली प्रत पाठविली. त्यांनीं पत्र लिहिलें: पुस्तक पोंचलें, अक्षर लहान आहे, भिंग घेऊन वाचीत आहें.

पुढें शके १९३७ मध्यें राजधानींत मनसुबा ठरला कीं तालुक्यातालुक्यांत शाखा उघडाव्या. ज्या तरुण कारभाऱ्यांकडे हें काम होतें त्यांनीं रत्नमालाबाईंचा ग्रंथ पुढें ठेविला, सहावें प्रकरण काढिलें, नकाशा पसरला, आणि जेथें जेथें जुनी मंडळी होती तेथें तेथें लाल टिकली लाविली. सतरा टिकल्या लागल्या. त्यांतली एक शांतवनरावांच्या गांवावर पडली. गांवांत एक सिनेमाचें थेटर बंद पडलें होतें, तें घेतलें, गार हवेची यंत्रें बसविलीं, आणि पडद्यावर राजधानींतला समुएलरावांचा उपदेश त्याच घटकेस दिसूं लागला. आधीं तरुण पोरें पाहावयास गेलीं आणि परत आलीं नाहींत. मग पोरांमागून आया गेल्या. मग गायक गेले. मग मंडळीचे एक पंच, ज्यांच्या आज्यानें देवळाचा दगड वाहिला होता, ते शांतवनरावांच्या घरीं येऊन पायांवर डोकें ठेवून गेले, कीं नातवंडें ऐकत नाहींत, क्षमा करा. शांतवनराव म्हणाले, "जा बाबा. देव तिथंही आहे."

रत्नमालाबाईंस हें सारें सारजाबाई थोरातांनीं फोनवर कळविलें. सारजाबाई म्हणजे शांतवनरावांच्या मंडळींतल्या जुन्या विधवा, पाळकांच्या घरीं भाकरी करून देत. त्या म्हणाल्या, "रत्ना, तूं ये बाई. तुझे बाबा कांहीं बोलत नाहींत, पण कालच्या रविवारीं त्यांनीं प्रभुभोजनाला बारा पेले भरले आणि सात परत धुवून ठेवले."

बाई शनिवारीं निघाल्या आणि रविवारीं सकाळीं देवळांत बसल्या. एकूण माणसें सहा, सातव्या त्या. शांतवनरावांचें वय अठ्ठ्याहत्तर, झगा इस्तरी केलेला, आवाज पूर्वीसारखाच. त्यांनीं तेवढ्याच माणसांपुढें पाऊण तास उपदेश केला आणि रिकाम्या बांकांकडेही एकेकदां मान वळवून पाहिलें, जणूं तेथेंही कोणी ऐकत आहे. घरीं आल्यावर ताटावर बसल्या तेव्हां बाई म्हणाल्या, "बाबा, मला आधीं कां नाहीं सांगितलंत?"

"तुला ठाऊक होतं कीं."

"मला? मला कसं ठाऊक असणार?"

तेव्हां शांतवनरावांनीं फळीवरून ग्रंथ काढला, खूण घातलेलें पान उघडलें आणि तें वाक्य मोठ्यानें वाचलें. मग भिंग खालीं ठेवून म्हणाले, "अगदीं तूं लिहिलंस तस्संच झालं. आमच्या लोकांना गीतं पाठ होतीं. अभ्यास बरोबर आहे तुझा, रत्ना." त्यांच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. परीक्षेचा कागद तपासणाऱ्या मास्तराप्रमाणें ते बोलले. टोमणा असता तर बाईंनीं सोसला असता. ताटावरून उठून त्या परसांत गेल्या आणि सारजाबाईंनीं हांक मारीपर्यंत तेथेंच उभ्या राहिल्या.

दुसरेच दिवशीं त्या राजधानीस गेल्या आणि समुएलरावांस गांठून म्हणाल्या, "माझ्या बाबांच्या गांवांतली शाखा बंद करा."

समुएलराव दिलगीर जाहले. खरेंच जाहले, तें सोंग नव्हतें. म्हणाले, "ताई, आम्ही कोणाला हाताला धरून ओढलं का? दार उघडं ठेवलं, लोक आले."

"दार कुठं उघडायचं तें माझ्या पुस्तकांत पाहून ठरवलंत."

"मग पुस्तक छापलंत कशाला?"

समुएलराव हळू आवाजांत पुढें म्हणाले, "तुमच्या वडिलांना आपण मान देऊं. ज्येष्ठ पाळक म्हणून व्यासपीठावर बसवूं, शाल घालूं. त्यांची एक मुलाखत पडद्यावर दाखवूं."

"ते येणार नाहींत."

"तर मग मी काय करूं तें तुम्हीच सांगा. आसपासच्या गांवांतली धरून चारशें माणसं आहेत तिथं आतां. त्यांना मी काय सांगूं, घरीं बसा म्हणून?"

मग बाई उठून आल्या आणि नववें प्रकरण त्यांनीं दुसऱ्या आवृत्तीस जोडलें. एवढ्यावर न थांबतां मोडलेल्या एकशें त्रेसष्ट मंडळ्यांचीं नांवें गांवांसह दिलीं, आणि प्रस्तावनेंत लिहिलें कीं हें मला पहिल्या वेळींच ठाऊक होतें आणि मीं झांकून ठेविलें. ग्रंथ बाहेर पडला तेव्हां त्यांस वाटलें कीं आतां राज्य हादरेल. पंच जाब विचारतील, शाखा थांबतील, निदान समुएलराव आपणांस शत्रू तरी म्हणतील.

समुएलरावांनीं निराळेंच केलें. पुढील रविवारीं ते ग्रंथ घेऊन व्यासपीठावर आले आणि नववें प्रकरण त्यांनीं स्वतः वाचलें. मग एकशें त्रेसष्ट नांवें एकेक करून घेतलीं. वाचतां वाचतां गुडघे टेकले, आणि म्हणाले, "हें पाप माझं आहे. माझ्यासाठीं प्रार्थना करा." दोन्ही पडद्यांवर त्यांचें भिजलेलें तोंड दिसलें, सारें सभागृह रडलें, गायकवर्गानें मंद सुरांत गीत धरिलें आणि लोक एकमेकांच्या गळां पडले. सतराही शाखांत तें दिसलें. आठ दिवसांत तें चित्रण वीस लाख लोकांनीं पाहिलें आणि जिकडे तिकडे बोलणें एकच, कीं पाळक असावा तर ऐसा नम्र असावा. महिन्याभरांत रविवारची गर्दी वीस हजारांवर गेली आणि चौथी उपासना सुरू करावी लागली. शाखा एकही बंद जाहली नाहीं. बाईंस समुएलरावांचा फोन आला, "ताई, तुम्ही माझे डोळे उघडलेत." बाईंनीं ऐकून घेतलें आणि फोन ठेविला. त्यांस ऐसें जाहलें कीं भिंतीवर डोकें आपटावें तर भिंतच उशी होऊन पुढें यावी.

इकडे गांवीं उरलेलेही एकेक करून थेटराकडे गेले, आणि शेवटीं राहिल्या त्या सारजाबाई पावसाळ्यांत वारल्या. त्यांस मूठमाती देऊन आल्यावर शांतवनरावांनीं पुढच्या रविवारीं उपासना घेतली, ती आपणच म्हटली आणि आपणच ऐकली. मग सोमवारीं देवळास कुलूप लाविलें आणि किल्ली, देवळाची मालकी जिची त्या वरिष्ठ कचेरीकडे, टपालानें पाठविली. रत्नमालाबाई रजा घेऊन येऊन राहिल्या. शनिवारीं सायंकाळीं शांतवनराव म्हणाले, "रत्ना, माझा काळा कोट काढून ठेव. उद्यां उपासनेला जायचंय."

"कुठं, बाबा?"

"आतां कुठं म्हणजे? एकच तर आहे गांवांत."

बाई म्हणाल्या, "मी नाहीं येणार, आणि तुम्हीही जाऊं नका." शांतवनराव म्हणाले, "बहात्तर वर्षांत मीं रविवार चुकवला नाहीं. आतां चुकवूं?" मग बाईंनीं कोट काढून ठेविला आणि सकाळीं त्याही बरोबर गेल्या. थेटरांत गार हवा होती, खुर्च्या मऊ होत्या. शांतवनराव मागील रांगेंत टेंकले. पुढच्या रांगांतून एकेक माथा वळूं लागला. ज्यांस त्यांनीं बाप्तिस्मा दिला, ज्यांचीं लग्नें लाविलीं, ज्यांचीं माणसें मातीस दिलीं, त्यांनीं पाहिलें आणि माना परत फिरविल्या. एकदोघांनीं हात जोडिले. मग गळ्यांत ओळखपत्र घातलेली एक हंसतमुख मुलगी लेखणी व कागद घेऊन आली. ती परगांवची, तिला कोणी ठाऊक नव्हतें. म्हणाली, "आजोबा, पहिल्यांदाच आलांत ना? हा नवीन लोकांचा कागद भरून द्याल?"

शांतवनरावांनीं चष्मा लाविला. नांव लिहिलें, वय लिहिलें, पूर्वीच्या मंडळीचें नांव लिहिलें. शेवटचा प्रश्न होता, पूर्वीची मंडळी कां सोडली. तेथें त्यांनीं वळणदार अक्षरांत लिहिलें, 'सोडली नाहीं.' मुलीनें कागद पाहिला आणि ओणवून म्हणाली, "आजोबा, इथं कारण लिहायचंय. मंडळी सोडली नाहीं, तर मग इथं कसे आलांत?"

शांतवनरावांनीं पुढच्या रांगांकडे बोट केलें. "ती इथं येऊन बसलीय, बाळ. म्हणून मागोमाग आलों."

मुलीस कांहीं उमगलें नाहीं. "थँक्यू हं आजोबा," म्हणून तिनें कागद नेला. इतक्यांत दिवे मंदावले आणि पडद्यावर समुएलराव आले. रत्नमालाबाईंनीं बापाचा हात हातांत घेतला. त्यांनीं तो काढून घेतला नाहीं, परंतु नजर पडद्यावरच ठेविली आणि गीत सुरू होतांच उभे राहून सर्वांबरोबर म्हटलें.

एकंदर मजकूर इतका. दगडी देवळांत पुढें वरिष्ठ कचेरीनें धान्य ठेवावयाची परवानगी दिली. रत्नमालाबाईंनीं ग्रंथ लिहिणें सोडलें. त्यांच्या ग्रंथाच्या दोन्ही आवृत्त्या महामंडळीच्या कारभाऱ्यांस शिकवावयास लाविल्या आहेत. त्या वर्षाच्या अहवालांत समुएलरावांनीं नवे जोडले गेलेले आत्मे सात हजार दोनशें चार ऐसे जाहीर केले आणि लोकांनीं टाळ्या वाजविल्या. त्यांत रेव्हरंड शांतवनराव रणपिसे हे एक होत.