तक्रारमुक्त लाँड्री

कामगारांची कुरकुर कशी बंद करायची हे एकाच माणसाला कळतं आणि तो रोज सकाळी दाढी करताना आपल्याला आरशात भेटतो, अशी लाँड्रीच्या मॅनेजरसाहेबांची पक्की खात्री होती. आरसाही कधी उलट बोलला नव्हता.

लाँड्रीतली माणसं मात्र बोलत. इस्त्रीवाल्या मावशी म्हणत, खिडकी उघडत नाही. ड्रायव्हर म्हणे, गाडीचं दार लागत नाही. काउंटरवरची ताई म्हणे, कपड्यांना लावलेल्या नंबराच्या चिठ्ठ्या धुण्यात सुटतात. दिवसभर हीच भुणभुण! त्यात शुक्रवारी मालकीणबाई पाहणीला येणार होत्या. त्यांना दुसरी शाखा काढायची होती आणि तिचा कारभार साहेबांना द्यायचा की नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं. साहेबांनी घरी बायकोला "मिळालीच समज" असं सांगूनही टाकलं होतं.

सोमवारी त्यांनी सगळ्यांना गोळा केलं.

"आजपासून नवा नियम. जो तक्रार करेल, त्यानेच ती निस्तरायची."

"म्हणजे गाडीचं दार मी दुरुस्त करायचं?" ड्रायव्हरने विचारलं.

"शाब्बास. पान्हा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे."

ड्रायव्हरने दार असं पक्कं बसवलं, की ते पुन्हा उघडलंच नाही. बिचारा खिडकीतून गाडीत शिरू लागला. ताईने चिठ्ठ्या दुहेरी दोऱ्याने शिवल्या. दुसऱ्याच दिवशी एक वकीलसाहेब पाठीवर सत्तेचाळीस नंबर मिरवत कोर्टात उभे राहिले. मावशींनी खिडकीला जोर लावला, तर ती चौकटीसकट हातात आली. वारा मात्र झकास येऊ लागला, हे मान्य करायला हवं.

बुधवारपासून लाँड्रीत चिडीचूप. कुणी हूं की चूं करेना. साहेबांनी मेहुण्याला मुद्दाम फोन करून सांगितलं, "माणसं सांभाळायला डोकं लागतं रे."

शुक्रवारी मालकीणबाई आल्या. साहेबांनी त्यांना नियम अगदी रंगवून ऐकवला. "तीन दिवसांत एकही तक्रार नाही, बाई."

"अरे वा! नव्या शाखेतही हाच लावू या," बाई म्हणाल्या. साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग बाईंनी धुलाईच्या खोलीचं दार उघडलं आणि पाऊल आत टाकलं. आत घोटाभर पाणी होतं. हॉटेलच्या धुतलेल्या चादरी त्यात निवांत तरंगत होत्या, आणि मधून येण्याजाण्यासाठी विटांची पायवाट नीट मांडलेली होती. बूट भिजतात म्हणून साहेब या खोलीकडे कधी फिरकतच नसत.

"हे कधीपासून?" बाईंनी ओला पाय झटकत विचारलं.

"बुधवारपासून. पाइप फुटलाय," मावशी म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलेल त्यालाच जोडावा लागला असता, बाई. आमच्यापैकी कुणाला येत नाही."

बाई साहेबांकडे वळल्या. "आता माझीच एक तक्रार आहे. मॅनेजरबद्दल. तुमच्या नियमाप्रमाणे ती मलाच निस्तरायला हवी, नाही का?"

साहेबांना मान डोलवावी लागली. नियम त्यांचाच होता.

बाईंनी ती पाच मिनिटांत निस्तरली. सोमवारी मॅनेजरच्या खुर्चीत मावशी बसल्या. पहिला फोन त्यांनी प्लंबरला केला, आणि नियम रद्द करून टाकला, फक्त एका माणसापुरता चालू ठेवला. तो माणूस इस्त्रीच्या टेबलाशी उभा होता. टेबल ठेंगण्या मावशींच्या उंचीला बेतलेलं आणि साहेब चांगले सहा फूट. दुपारपर्यंत त्यांची कंबर कामातून गेली. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

"मावशी, हे टेबल जरा..."

मावशींनी मान वर न करता ड्रॉवर उघडला आणि पान्हा समोर ठेवला.

"...जरा नाही, चांगलंच छान आहे," साहेब म्हणाले, आणि पुढची चादर उचलली.